एलिसाचं तिसरं प्रकरण

नालासोपारा पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत स्टॅनी तुस्कानोचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस असो, क्लासची जाहिरात असो की नव्या इमारतीचं बुकिंग, गिऱ्हाईक सगळा मजकूर मराठीत किंवा हिंदीत सांगतं आणि शेवटी म्हणतं, "पण वर मोठं इंग्रजीत टाका." का, असं स्टॅनीने एकदा एका सलूनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मराठीत लिहिलं की लोक भाव करतात, शेठ. इंग्रजीत लिहिलं की गप्प आत येतात."

रात्री जेवताना स्टॅनीने ही गंमत बायकोला सांगितली. एलिसा हसली नाही. तिचा घास हातातच राहिला.

"परत सांग. काय म्हणाला तो?"

"भाजी वाढ आधी," स्टॅनी म्हणाला, आणि त्याने परत सांगितलं.

एलिसा ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायची. पीएच.डी. करायची असं तिच्या मनात बरीच वर्षं होतं, पण विषयाचं घोडं अडलं होतं. तिचे मार्गदर्शक डॉ. जितेंद्र पाठारे यांनी तिला एका जुन्या इंग्रज कादंबरीकाराचा विषय सुचवला होता. त्यातलं धुकं, घोडागाड्या आणि चहाची टेबलं वाचून एलिसाला झोप यायची. सलूनवाल्याचं वाक्य ऐकलं त्या आठवड्यात तिने सरांना सांगितलं, "सर, मला जाहिरातींतली इंग्रजी घ्यायची आहे. वसई-विरार पट्ट्यातली. वर्तमानपत्रं, केबलवरच्या जाहिराती, रस्त्यावरच्या पाट्या, सगळं."

पाठारे सरांनी चष्मा काढून पुसला. "हे साहित्य आहे का?"

"भाषा तर आहे, सर."

सरांनी ते बराच काळ मनात घोळवलं आणि शेवटी होकार दिला. मात्र एक अट घातली: प्रत्येक विधानाला आधार हवा. "आमच्या गावात असं म्हणतात" हे चालणार नाही.

एलिसा मूळची शेजारच्या गास गावची. चर्चच्या मराठी शाळेत शिकलेली, घरी कादोडी, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती लोकांची बोली, बोलणारी. बाहेर मराठी, वर्गात इंग्रजी आणि देवाशी प्रार्थनेच्या पुस्तकातलं मराठी, असे तिचे चार कप्पे होते. इंग्रजी तिला चांगली यायची, पण ती मेहनतीने कमावलेली होती. आयत्या इंग्रजीत वाढलेल्या माणसांसमोर बोलताना ती अजूनही वाक्य आधी मनात एकदा फिरवून बघायची.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती एम.ए. करताना एकदाच गेली होती, आणि कार्डांच्या कपाटासमोर उभी राहून परत आली होती. या वेळी कपाटं नव्हती, संगणक होते. तिने शोधाच्या चौकटीत आपला विषय लिहिला, अगदी प्रबंधाच्या शीर्षकासारखा लांबलचक. काही सापडलं नाही. शब्द उलटसुलट केले. तरी काही नाही. आपण असा विषय घेतला की जगात त्याच्यावर कोणी ओळसुद्धा लिहिलेली नाही, याचा तिला क्षणभर अभिमान वाटला. मग सरांची आधाराची अट आठवली.

शेजारून कोणीतरी म्हणालं, "असं नाही सापडायचं."

त्या जयवंती राणे, सहायक ग्रंथपाल. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी खुर्ची ओढली.

"वसई तुम्ही कशी लिहिलीत? आजच्यासारखी. जुन्या इंग्रजी पेपरात ती बॅसीन आहे. नालासोपारा कधी एक शब्द, कधी दोन, कधी 'एल' दोनदा. छापणाऱ्याला जसं सुचलं तसं. सगळे प्रकार टाका."

एलिसाने टाकले. पडद्यावर नोंदी आल्या, इतक्या की वर सरकवता सरकवता संपेनात.

"आणि दुसरं," जयवंतीबाई म्हणाल्या, "तुम्ही तुमचे शब्द टाकताय. भाषिक अमुक, सामाजिक तमुक. जाहिरात लिहिणाऱ्याने हे शब्द वापरले असते का? त्याने काय लिहिलं असेल?"

एलिसाने विचार केला. "समुद्राची हवा. स्टेशनपासून पाच मिनिटं. हिरवळ."

"मग ते टाका."

त्या दिवसापासून एलिसाचा शनिवार ग्रंथालयाचा झाला. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड टेबलावर मांडून उलटायचे, जी वर्षं मायक्रोफिल्मवर होती ती यंत्राच्या प्रकाशात डोळे बारीक करून बघायची, परदेशी नियतकालिकांतले लेख ग्रंथालयाच्या खात्यातून घरबसल्या उतरवून घ्यायचे. न मिळालेलं पुस्तक जयवंतीबाई दुसऱ्या विद्यापीठातून मागवून द्यायच्या. माध्यमांवरचे सिद्धान्त तिने तिथेच पहिल्यांदा वाचले. त्यातले निम्मे डोक्यावरून गेले.

ते निम्मे समजावले विनिताने. विनिता सावर्डेकर वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहायची आणि मुंबईतल्या दोन कॉलेजांत माध्यमांचा विषय तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जितके तास तितकंच मानधन, सुट्टीत काहीच नाही. तीही शनिवारीच यायची. एकाच टेबलावर बसता बसता डबे एकत्र उघडायला लागले. विनिताकडे कोकणातलं कुळथाचं पिठलं, एलिसाकडे केळफुलाची भाजी. विनिता हुशार होती. एखादा जडजंबाल परिच्छेद ती एकदा वाचायची, पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "हा बाबा एवढंच म्हणतोय की जाहिरात वस्तू विकत नाही, तुझी लाज विकते." एलिसाच्या लिखाणातली अडखळणारी इंग्रजी वाक्यंही ती पेन्सिलीने सरळ करून द्यायची. तिचा स्वतःचा प्रबंध मात्र पुढे सरकत नव्हता. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. ग्रंथालयात येऊन ती कधीकधी नुसती डोकं टेकून झोपायची आणि एलिसा तिला उठवायची नाही.

एलिसाच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण हे तिचं लाडकं प्रकरण. त्यात इमारतींच्या जाहिराती होत्या, आणि त्यांच्या समोर ठेवलेली माणसं होती, ज्यांच्या जमिनीवर त्या इमारती उभ्या राहिल्या. त्यासाठी तिने मोबाइलवर मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. सगळ्यांत चांगली मुलाखत दिली तिच्या सख्ख्या आत्याने. कॅथरिनआत्या गासला राहायची आणि सत्तरी उलटली तरी सोपाऱ्याच्या बाजारात आपल्या वाडीतून, म्हणजे बागायतीतून, आणलेले दुधी, वांगी, केळी आणि मोसमाला मोगरा विकायची. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण रस्त्याकडेला उभी राहणारी इंग्रजी पाटी बघितली की तिला काय कळतं, हे तिने पुतणीला कादोडीत एका वाक्यात सांगितलं होतं. एलिसाने ते मराठीत उतरवून घेतलं: इंग्रजी पाटी आली म्हणजे वाडी गेली.

या वाक्यावर तिने अख्खं प्रकरण उभं केलं. इंग्रजी बाहेरून येते, गावाच्या डोक्यावरून बोलते, आणि गावाच्या पायाखालची वाडी निघून जाते. लिहून झाल्यावर तिने ते पहिल्यांदा वाचायला दिलं विनिताला. विनिताने ते पेनड्राइव्हवर नेलं आणि पुढच्या शनिवारी डबा न उघडताच म्हणाली, "एलिसा, हे फार चांगलं झालंय गं. तुझी आत्या आपल्या सगळ्या पुस्तकांच्या पुढची आहे." तिने काही सूचना केल्या, त्या योग्यच होत्या. एलिसाने त्या घेतल्या.

त्यानंतर विनिताचं येणं कमी झालं. कायमच्या जागेची मुलाखत आहे, तयारी चालू आहे, असं तिने कळवलं होतं.

प्रबंध पुरा झाला. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सादर करण्याआधी ग्रंथालयात त्याची साम्य तपासणी होते. संगणक तुमचा मजकूर आधी छापलेल्या नि इंटरनेटवर असलेल्या मजकुराशी ताडून बघतो आणि जुळणाऱ्या ओळी रंगवून दाखवतो. एलिसाला त्याची चिंता नव्हती. मंगळवारी ती वर्गावर होती तेव्हा जयवंतीबाईंचा फोन आला. "एलिसा, आज जमेल का यायला? फोनवर नको."

जयवंतीबाईंनी अहवाल पडद्यावर उघडला. पहिलं प्रकरण जवळजवळ पांढरं. दुसरं पांढरं. तिसरं सुरू झालं आणि पानच्या पान लाल. आत्याचं वाक्यही लाल. बाजूला स्रोत दिला होता: एका ऑनलाइन नियतकालिकातला लेख, काही महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झालेला. लेखिका विनिता सावर्डेकर.

एलिसा पुन्हा पुन्हा ते नाव वाचत राहिली. नाव चुकून आलं असेल, दुसरी कोणी विनिता असेल, असंही तिला वाटून गेलं. मग तिने लेख उघडला. तिच्या आत्याचं गाव, तिच्या आत्याचा बाजार, "एका वृद्ध भाजीविक्रेतीने लेखिकेला सांगितले." पेन्सिलीने सरळ केलेली वाक्यंही तशीच होती.

"मी हे दाबून ठेवू शकत नाही," जयवंतीबाई म्हणाल्या. "अहवाल विभागाकडे जाणार. पण त्याआधी तुला दाखवावा असं वाटलं."

"मॅडम, हे माझं आहे."

"मला ठाऊक आहे. पण मला ठाऊक असून भागत नाही."

पाठारे सरांचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांच्या तोंडून ते वेगळं लागलं. "तुम्ही दोघी एकत्र बसायचात, एकत्र चर्चा करायचात. कुणी कुणाचं घेतलं हे मी कसं सांगू? छापून आधी त्यांचं आलंय. समितीसमोर तुम्हालाच सिद्ध करावं लागेल." एवढी वर्षं हे सर आपलं प्रत्येक पान वाचत आले, आणि तरी त्यांनी असं म्हणावं! एलिसाला संताप आला. पण सरांसमोर तिच्या तोंडून इंग्रजी फुटेना, मराठीही फुटेना. ती "ठीक आहे, सर" म्हणून बाहेर पडली.

विनिता फोन उचलत नव्हती. एलिसा घरी न जाता सरळ वसई पूर्वेला गेली. एव्हरशाईन सिटीत तिचं घर तिला माहीत होतं, गणपतीला एकदा येऊन गेली होती. दार विनितानेच उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून एलिसाला कळलं की हिला कळलेलं आहे, किंवा हिला आज ना उद्या हे होणार हे माहीत होतं.

"आत ये."

"इथेच बरी आहे. तू माझं प्रकरण छापलंस?"

आतून सासऱ्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. विनिता बाहेर आली आणि मागे दार लोटून घेतलं.

"मी नाही छापलं. म्हणजे नाव माझं आहे. नोकरीच्या मुलाखतीला एक छापील लेख कमी पडत होता. एक माणूस आहे, तो लेख तयार करून देतो, छापूनही आणतो. सगळेच करतात गं. मी त्याला माझी टिपणं दिली, पेनड्राइव्हवरची. त्यात तुझंही होतं. त्याने तेच उचललं."

"आणि तू वाचलं नाहीस?"

विनिताने लोटलेलं दार आणखी ओढून घेतलं.

"तुझ्या नावाने छापून आलं, आणि तू उघडून वाचलंही नाहीस?"

"त्याने लिंक पाठवली. मी अर्जाला जोडली." विनिताने डोळे पुसले. "नंतर वाचलं. तेव्हा उशीर झाला होता. एलिसा, माझी निवड झाली आहे. ऑर्डर यायची आहे. तेवढी येईपर्यंत थांब. मग मी काय हवं ते लिहून देते."

एलिसाला तिची दया आली, आणि दया आली याचा राग आला. बारा ठिकाणी बारा तास घेऊन घरी म्हाताऱ्याचं करणारी ही बाई. आपल्याला सिद्धान्त समजावणारी, आपल्याहून हुशार.

"मी नाही थांबू शकत," ती म्हणाली. "मला समितीसमोर बोलावलंय. चोर म्हणून."

 एलिसा जिना उतरून खाली आली.

घरी स्टॅनीने ऐकून घेतलं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. "तुझ्याकडे कच्चा माल असेल की," तो म्हणाला. "माझ्याकडचं डिझाइन कुणी चोरलं तर मी मूळ फाइल दाखवतो. तुझी मूळ फाइल कुठली?"

मूळ होतं ते ध्वनिमुद्रण. दुसऱ्या दिवशी रजा टाकून एलिसा ग्रंथालयात गेली. जयवंतीबाईंनी तिला दृक्‌श्राव्य विभागात बसवलं. तिथे कानावर घट्ट बसणारे मोठे हेडफोन होते आणि आवाज साफ करून देणारा एक कर्मचारी होता, फेबियन नावाचा. आत्याची मुलाखत वाडीत घेतली होती. मागे विहिरीवरचा पंप अखंड घरघरत होता. एलिसाने ती उतरवून घेतली तेव्हा घरी मोबाइलवरच ऐकली होती. फेबियनने पंपाची घरघर खाली दाबली.

आत्याचा आवाज स्वच्छ आला. सुरुवातीलाच ती पुतणीवर रागावलेली होती: एकटीच आलीस, लेकीला का नाही आणलंस, ॲंजेलाला आत्याआजीचं घर तरी ठाऊक राहील का. मग इकडचं तिकडचं. मग ते वाक्य.

एलिसाने ते थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं.

"काय झालं?" फेबियनने विचारलं.

"इथे 'गेली' आहे का?"

फेबियनही वसईचाच, निर्मळकडचा. त्याने एक कान लावून ऐकलं. "नाही. 'दिली' आहे. वाडी दिली."

एलिसाने आणखी दोनदा ऐकलं. शंकाच नव्हती. इंग्रजी पाटी आली म्हणजे वाडी दिली. पंपाच्या घरघरीत तिने स्वतःच्या मनातला शब्द ऐकला होता. पुढे इंग्रजीत "द ऑर्चर्ड गोज" असं सुबक वाक्य केलं होतं, आणि त्यावर प्रकरण रचलं होतं. तिचं ते लाडकं प्रकरण ऐकण्यातल्या एका चुकीवर उभं होतं.

तरीही खात्री करायची म्हणून ती संध्याकाळी गासला गेली. कॅथरिनआत्या ओट्यावर बसून उद्याच्या बाजारासाठी वांगी निवडत होती. एलिसाने विचारलं, "आत्या, तू मला पाटीचं सांगितलंस, तेव्हा वाडी गेली म्हणालीस की दिली?"

"दिली," आत्या म्हणाली. "वाडी काय पायाने चालत जाते? आम्हीच दिली, रस्त्याकडची अर्धी. तुझ्या काकाला तेव्हा पोरांना परदेशी पाठवायचं होतं. पाटीवर काय लिहायचं हेही बिल्डरने त्याला विचारलं होतं. त्याने इंग्रजी नाव सांगितलं, चर्चच्या मास्तराला विचारून. केवढी ऐट होती त्याला त्या नावाची!"

"हे तू मला तेव्हा नाही सांगितलंस."

"तू कुठे विचारलंस, बाय? तू 'बिल्डरने कसं फसवलं' एवढंच विचारत होतीस."

एलिसा तिच्या शेजारी बसली आणि वांगी निवडायला लागली. आत्याने तिला कशाबद्दल एवढी चौकशी, हे विचारलं. एलिसाने थोडक्यात सांगितलं. आपलं बोलणं कोणा दुसरीच्या नावावर इंग्रजीत छापून आलंय हे ऐकून आत्याला वाईट वाटण्याऐवजी मौज वाटली. "मग तिला म्हणावं, एकदा वाडीत तरी ये. नुसतीच कशी माझी ओळख सांगत फिरते?"

समितीच्या दिवशी एलिसापुढे पेच होता. चूक लपवली तरी ध्वनिमुद्रण तिच्या बाजूने बोललं असतं. त्यात आवाज तिचा होता, आत्या तिची होती. समितीतल्या कोणाला कादोडी येत नव्हती, 'गेली' की 'दिली' हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. स्टॅनी म्हणाला होता, "आधी सुटून घे, मग दुरुस्त कर." जयवंतीबाईंना तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या हे तिला ठाऊक होतं.

खोलीत विभागप्रमुख होते, पाठारे सर होते, दुसऱ्या कॉलेजातल्या माध्यम विभागाच्या प्राध्यापिका डॉ. अश्लेषा वर्तक होत्या आणि ग्रंथालयाच्या वतीने जयवंतीबाई. विनितालाही बोलावलं होतं. ती आली नव्हती.

एलिसाने ध्वनिमुद्रण लावलं. आत्या ॲंजेलावरून रागावली ते तिने मराठीत सांगितलं. "म्हणजे मी एकटीच गेले होते. तिथे दुसरं कोणी नव्हतं." मग ते वाक्य ऐकवलं आणि म्हणाली, "इथे ती 'दिली' म्हणते आहे. मी 'गेली' ऐकलं. माझ्या प्रबंधात चुकीचं भाषांतर आहे. परवापर्यंत मलाही माहीत नव्हतं."

पाठारे सरांनी मान वर केली. डॉ. वर्तकांनी समोरची दोन्ही पानं ओढून घेतली, एलिसाचं आणि विनिताचं.

"इथेही 'गोज'च आहे," विनिताच्या पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम. लेखात म्हटलंय की मुलाखत लेखिकेने घेतली. घेतली असेल तर त्यांनी त्यांची ऐकवावी. त्यांच्या आत्याने काय म्हटलं ते बघू."

शेवटचं वाक्य तिने मनात फिरवून बघितलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. जयवंतीबाई खिडकीकडे बघायला लागल्या, हसू येऊ नये म्हणून.

विभागप्रमुखांनी आणखी काही प्रश्न विचारले. इतर मुलाखतींची ध्वनिमुद्रणंही तपासली. पाठारे सर शेवटी म्हणाले, "हे ध्वनिमुद्रणांचं तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, सर."

 बाहेर पडताना सरांनी तिच्यासाठी दार धरून ठेवलं. पाठारे सरांकडून माफी मिळायची तर ती एवढीच मिळायची, हे त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं.

समितीने एलिसाला निर्दोष ठरवलं आणि प्रकरण दुरुस्त करून आणायला सांगितलं. दुरुस्त करायला गेली तेव्हा तिला कळलं की एक शब्द बदलून भागणार नाही. 'गेली' म्हटलं की गाव हात बांधून बसलेलं दिसतं. 'दिली' म्हटलं की गावाने काय विचार केला, काय मागितलं, कशाची हौस केली, हे सगळं विचारावं लागतं. तिने पुन्हा शनिवार धरले. पुन्हा बांधीव खंड उघडले. या वेळी मोठ्या जाहिराती सोडून छोट्या जाहिरातींच्या रांगा वाचल्या, आणि तिथे तिला तिच्याच गावची आडनावं भेटली. वाडी विकणे आहे, विहिरीसकट, रस्त्यालगत. मोडक्यातोडक्या, ताठ इंग्रजीत लिहिलेल्या. या जाहिराती आधीही त्याच पानांवर होत्या, तिनेच त्या ओलांडल्या होत्या. ती गासच्या घराघरांत पुन्हा गेली, या वेळी ॲंजेलाला घेऊन, आणि प्रश्न कमी विचारले. काही लोक खुलून बोलले, काहींनी दार लावून घेतलं. एका सद्गृहस्थाने तिला ऐकवलं, "इतके दिवस बिल्डरला शिव्या देत होतीस, ते बरं होतं."

नवं तिसरं प्रकरण पहिल्यापेक्षा खडबडीत झालं. त्यात सुबक वाक्य एकही नव्हतं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळे प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले आणि एलिसाला दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. तिने तसं सांगितलं. पदवी मिळाली. कॉलेजात तिच्या नावापुढे डॉक्टर लागलं, आणि बारावीच्या परीक्षेची देखरेख पूर्वीसारखीच तिच्याकडे राहिली.

त्या नियतकालिकाला ग्रंथालयाने तीन-चारदा कळवलं, तिकडून काही उत्तर आलं नाही. एक दिवस तो लेख तिथून नाहीसा झाला. खुलासा नाही, माफी नाही. पुढे जयवंतीबाईंकडून एलिसाला कळलं की लेख मागे घ्या म्हणून विनितानेही संपादकांचा पिच्छा पुरवला होता, आणि त्याआधी आपल्या नव्या कॉलेजला सगळं स्वतःहून लिहून दिलं होतं. ती जागा अर्थातच गेली. समितीसमोर ती का आली नाही हे मात्र तिने कोणाला सांगितलं नाही.

दीडेक वर्षाने ती पुन्हा ग्रंथालयात दिसायला लागली. सासरे वारले होते. विरारच्या एका खासगी क्लासमध्ये ती संध्याकाळी शिकवत होती आणि प्रबंध नव्याने सुरू केला होता, वेगळ्या विषयावर. पहिल्या दिवशी ती एलिसाच्या टेबलापाशी आली, उभी राहिली आणि म्हणाली, "मी इथे बसत नाही. फक्त सांगायला आले की मी येणार आहे."

"ये की," एलिसा म्हणाली. "ग्रंथालय काय माझं आहे?"

विनिताने विचारलं, "आत्या कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. एकदा वाडीत ये म्हणाल्या होत्या तुला. तेव्हाच म्हणाल्या होत्या. मीच निरोप दिला नव्हता."

विनिताने मान हलवली. जाईन म्हणाली नाही, नाही जाणार असंही म्हणाली नाही. ती पिशवी उचलून वरच्या मजल्यावर गेली. एलिसाने समोरचा खंड उघडला. हल्ली ती केबलवरच्या जाहिराती सोडून मोबाइलवरच्या जाहिरातींकडे वळली आहे, आणि त्यांचे खंड कोणीच बांधून ठेवत नाही, ही तिची आणि जयवंतीबाईंची सध्याची मोठी अडचण आहे.